बोडक्या कपाळाच्या गाई

माझा धाकटा भाऊ एगीड टिरोलच्या डोंगरातल्या आमच्या ग्राटडोर्फ गावच्या पर्यटन मंडळाचा अध्यक्ष आहे. या पदाला पगार नाही, मान नाही, कटकटी मात्र ढीगभर. म्हणजे ते त्याच्याच गळ्यात पडणार हे उघड होतं. दर सप्टेंबरात गाई डोंगरावरून खाली यायच्या महिनाभर आधीपासून तो गुडघ्याला बाशिंग बांधून बसतो. त्या वर्षी तर त्याने कहरच केला. जर्मनीहून बसगाड्या भरून पाहुणे बोलावले, चौकात तंबू ठोकले, बँडवाल्यांना नवी लाल जाकिटं शिवली, आणि मला बटाटा नि चीज भरून करंज्या तळायला बसवलं. चौकातलं लॉज माझं असल्यामुळे गावातलं कुठलंही हौसेचं काम शेवटी माझ्याच कढईत येऊन पडतं.

"ताई, यंदा सगळं टिरोल ग्राटडोर्फकडे बघेल," तो म्हणाला.

"बघू दे. करंज्यांकडे नाही बघितलं म्हणजे मिळवली."

पण मनातून मलाही त्या दिवसाची ओढ लागली होती, आणि ती एगीडसाठी नाही, बुर्गलसाठी. बुर्गल आमची आल्मवरची गवळण. आल्म म्हणजे वरचं उन्हाळी कुरण. जूनपासून गावच्या सगळ्या गाई तिथे बुर्गलच्या ताब्यात असतात. नवरा गेल्यापासून ती एकटीच ते सांभाळते. उन्हाळा सुखरूप पार पडला, एकही जनावर दगावलं नाही, तर गाई डोक्यावर फुलांचे मुकुट आणि गळ्यात मोठमोठ्या घंटा घालून वाजतगाजत उतरतात. एक जरी गेलं, तरी बोडक्या कपाळाने, घंटांत गवत कोंबून, गुपचूप. हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो मोडायची कोणाची छाती नाही.

आणि बुर्गलच्या गाई आजवर एकदाही मुकुट घालून उतरल्या नव्हत्या. एका वर्षी वीज पडली. एका वर्षी कालवड घसरली. एका वर्षी सगळं व्यवस्थित होतं, तर उतरायच्या आदल्या दिवशी मोठ्या गोठ्याच्या मालकाचे आजोबा वारले. घरात मयत झालं तरी मुकुट नाहीत. "त्या म्हाताऱ्याला एक दिवस दम धरवला नाही," असं बुर्गल अजून म्हणते. तरी दर उन्हाळ्यात संध्याकाळी दूध काढून झालं की ती बाकावर बसून कागदाची फुलं करायची, आणि दर हिवाळ्यात ती फुलं पेटीत बंद होऊन माळ्यावर जायची.

गावात काही लोक तिला पांढऱ्या पायाची म्हणायचे. असं म्हणणारे बहुतेक माझ्याच ओट्यावर बिअर प्यायला बसतात. मी काही बोलत नाही. त्यांच्या पेल्यात फेस जास्त आणि बिअर कमी घालते, एवढंच.

यंदा तिचा शेवटचा उन्हाळा होता. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, ऑक्टोबरात ऑपरेशन ठरलेलं, पुढच्या वर्षीपासून आल्म तिच्या पुतण्याकडे. आणि जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला, एका गाईला साधा खोकलासुद्धा झाला नाही. मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. मी! पाद्री खाली उतरून विचारायला आला, बरं नाही का म्हणून.

मग उतरायच्या आठवड्यातच एगीड माझ्या स्वयंपाकघरात शिरला. चेहरा पिठासारखा पांढरा.

"ताई, मिंका गेली."

मिंका म्हणजे एका डोळ्यावर पांढरा ठिपका आणि फाटका कान असलेली एक कालवड. कान कुंपणात अडकवून तिनेच फाडून घेतला होता. अक्कल तशी बेताचीच. धुकं पडलं होतं, धुकं उठलं तेव्हा ती नव्हती. बुर्गलने आणि तिच्या पुतण्याने सगळे ओढे, सगळ्या घळी धुंडाळल्या. शेवटी कड्याच्या तोंडाशी तिची घंटा सापडली, पट्टा तुटलेला. खाली बघितलं तर नुसती दरी आणि कावळे.

आम्ही दोघं एगीडच्या गाडीतून वर गेलो. बुर्गल झोपडीबाहेर बाकावर बसली होती. मांडीवर फुलांची पेटी, आणि ती पेटीला सुतळी बांधत होती. मला इतकं वाईट वाटलं की मी एगीडलाच उगाच ओरडले, गाडी उन्हात का लावलीस म्हणून. ऊन नव्हतंच.

एगीडने घसा खाकरला. "बुर्गल, हरवली म्हणजे मेलीच असं थोडंच आहे?"

"घंटा कड्यावर सापडली."

"घंटा म्हणजे काही गाय नव्हे."

"मग ती घंटा तू घाल गळ्यात आणि हो पुढे. तुला बांधते मुकुट."

"अगं पण कालवडच ना ती? दूधसुद्धा देत नव्हती. मंडळाच्या दृष्टीने बघितलं तर..."

"तुझ्या मंडळाने कधी रात्रभर जागून गाईचं बाळंतपण केलंय?"

एगीड माझ्याकडे बघायला लागला. मी डोंगराकडे बघायला लागले.

"लोक मुकुट बघायला येतायत गं," तो काकुळतीला आला. "इतक्या लांबून. आणि कोणाला कळणार आहे?"

"गाईंना कळेल. मला कळेल." तिने सुतळीची गाठ आवळली. "तुला कळत नाही त्याला मी काय करू? जा, तुझी लाल जाकिटं दाखव त्यांना."

शनिवारी गाई उतरल्या. बुर्गल काठी टेकत पुढे, मागे अख्खा कळप, आणि सगळी कपाळं बोडकी. घंटांतलं गवत बाहेर लोंबत होतं. खुरांचा आवाज तेवढा येत होता. बँडवाले नवी जाकिटं घालून वाद्यं मांडीवर ठेवून बसले होते, मयताला आल्यासारखे. आम्ही गावकऱ्यांनी टोप्या काढल्या. पाहुण्यांनी फोन काढले.

एगीड माइकवर गेला. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "ही... ही आमची शांततेची मिरवणूक आहे," तो म्हणाला.

"किती अस्सल!" माझ्या शेजारची एक बाई म्हणाली आणि टाळ्या वाजवायला लागली. मग सगळ्याच बसगाड्या टाळ्या वाजवायला लागल्या. बुर्गल नाकासमोर बघत चालत राहिली. त्या टाळ्यांचा मला इतका संताप आला की मी उरलेल्या करंज्या थंडच वाढल्या.

आता माझ्या लॉजवर दर सप्टेंबरात हॅम्बुर्गच्या एक बाई उतरतात, फ्राउ हार्म्सेन. मनाने चांगल्या, पण कुठे काय बोलावं याचा पोच नाही. रविवारी रात्री जेवताना त्या मला म्हणतात, "काल मी तुमच्याकडे नव्हते. मला कोणीतरी सांगितलं की इथे मुकुट नाहीत, म्हणून मी पलीकडे फाल्सबाखला गेले. काय सुंदर होतं हो! बघता?"

फाल्सबाख म्हणजे डोंगरधारेच्या पलीकडचं गाव. आमच्यात आणि त्यांच्यात पूर्वीपासून विळ्याभोपळ्याचं सख्य. माझं सूप खात, माझ्या टेबलावर बसून ही बाई मला फोनवर फाल्सबाखच्या गाई दाखवत होती! मी दात आवळून बघत राहिले. गाय, मुकुट. गाय, मुकुट. फाल्सबाखचा मुख्य गवळी रोमेड, मिशीला मेण लावून. मग एक कालवड. मुकुट एका शिंगावर सरकलेला, एका डोळ्यावर पांढरा ठिपका, आणि रिबिनीखालून डोकावणारा फाटका कान.

"थांबा," मी म्हणाले. "मोठं करा ते."

"या गाईचा कान का फाटलाय हो?"

"अकलेमुळे," मी म्हणाले आणि सूप तसंच टाकून बुर्गलच्या घराकडे पळत सुटले. माझं वय पळायचं नाही, पण पळाले.

सोमवारी सकाळी मी बुर्गलला गाडीत घातलं. धारेवरून पायवाटेने फाल्सबाख तसं जवळ आहे, मिंकाला विचारा. गाडीने मात्र सगळी दरी वळसा घालून जावं लागतं. गाडी थांबताच बुर्गल उतरली. रोमेडच्या गोठ्यात शिरली, आणि तिसऱ्याच खांबाशी मिंका उभी, फाल्सबाखचं गवत खाऊन खाऊन टम्म फुगलेली.

बुर्गलने तिच्या गळ्यात हात टाकला आणि तिला अशा शिव्या घातल्या की मी दार लोटून घेतलं. "दरीत पडलीस म्हणून जीव टाकला मी! रडून डोळे सुजवले! आणि तू इथे मुकुट घालून मिरवतेस? निर्लज्ज! ते पण फाल्सबाखचा?"

आवाज ऐकून रोमेड आला. सगळी हकीकत ऐकली, मिशीवरून हात फिरवला, मिंकाच्या कानातला बिल्ला वाचला, आणि हळूहळू कानापर्यंत लाल झाला.

"म्हणजे..." तो म्हणाला. "म्हणजे म्हणून एक मुकुट कमी पडला."

"काय म्हणालास?" गोठ्याच्या मागच्या दारातून त्याची बायको फिनी आत आली. तिच्या हातात चांगला मोठा डाव होता.

भानगड अशी की फाल्सबाखचे मुकुट फिनी करते. उतरायच्या सकाळी सगळ्या गाईंना मुकुट बांधले, तर एक कालवड उरली. जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने म्हटलं असतं, कालवड एक जास्त आहे. पण फाल्सबाखच्या गवळ्यांनी म्हटलं, मुकुट एक कमी आहे. आल्मवरून उतरताना जनावर कमी भरतं, जास्त कुठून भरणार? म्हणून सगळ्यांनी मिळून फिनीला धारेवर धरलं, आणि तिने घाईघाईत पडद्याच्या रिबिनी फाडून आणखी एक मुकुट बांधून दिला.

"चारचौघांत मला अंकलिपी शिकवत होतास ना?" फिनी म्हणाली. "सासूबाईंसमोर? आता मोज! मोज तुझ्या गाई, मोठ्याने!"

"फिनी, पाहुणे आहेत..."

"पाहुण्यांसमोरच मोज!"

मी आयुष्यात फाल्सबाखमध्ये इतकी हसले नव्हते. बुर्गल मात्र हसत नव्हती. ती मिंकाच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तिच्या डोक्यात काय चाललंय ते रोमेडच्याही लक्षात आलं, कारण कितीही झालं तरी तो गवळी आहे.

"बुर्गल," तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे तुझं एकही जनावर गेलं नाही. तुझा उन्हाळा सुखरूप पार पडला."

"हो."

"अरेरे!" आणि त्याला खरंच वाईट वाटलं, फाल्सबाखचा असला म्हणून काय झालं. "पण आता काय करणार? उतरलात ते उतरलात. आता मुकुट म्हणजे वरातीमागून घोडं."

बुर्गलने मिंकाचं दावं सोडलं. "मग परत चढते," ती म्हणाली.

रोमेड हसला. मग तिच्याकडे बघून हसायचा थांबला.

मिंकाला रोमेडच्या ट्रेलरमध्ये घालून तो आमच्या मागे मागे आला. गाडीत मी विचारलं, "बुर्गल, आणि तुझे गुडघे?"

"ऑक्टोबरात कापायचेच आहेत. पुरते वापरून तरी कापू दे."

एगीडला सांगितलं तर तो आनंदाने टुणकन उडाला. "वा! पुढच्या शनिवारी ठेवू! मी बसवाल्यांना आत्ता फोन करतो, तंबू अजून..."

"उद्या," बुर्गल म्हणाली. "गुरुवारी वर बर्फ पडणार आहे."

"पण उद्या मंगळवार आहे! मंगळवारी कोण येतं?"

"गाई येतात."

मंगळवारी उजाडताच तिने गोठ्याचं दार उघडलं. मी जायचं ठरवलंच होतं. एगीडला मी कानाला धरून आणला होता. म्हटलं, आम्ही तिघं आणि तिचा पुतण्या, जमेल तसं आल्मच्या वाटेवरच्या खालच्या झोपडीपर्यंत नेऊ. पण गाईंना त्यांचं वर्ष पाठ असतं. सप्टेंबरात डोंगर चढायचा? ब्रुनी, म्हणजे कळपाची आघाडीची गाय, वेशीपर्यंत आली, समोरचा चढ बघितला आणि रस्त्याच्या मधोमध खाली बसली. तिच्या मागे सगळ्या थांबल्या. एगीडने मागून जोर लावला. ब्रुनीने शेपटी वर केली. पुढचं सांगत नाही; बँडसारखंच त्यानेही नवं जाकीट शिवून घेतलं होतं.

तेवढ्यात बेकरीवाला आला, अंगाला पीठ लागलेलं, हातात काल उरलेले पाव. एक पाव ब्रुनीच्या नाकासमोर धरला, तशी बाई उठल्या. मग बँडवाले आले, कोणी बोलावलं नव्हतं तरी. पाद्री आला, म्हणाला, मेणबत्तीचं कारण आत्ता कळलं. शाळेच्या बाईंनी शाळेला कुलूप घातलं. फ्राउ हार्म्सेन पायात माझे रबरी बूट घालून आल्या आणि एका गाईचं दावं इतकं घट्ट धरून चालायला लागल्या की नक्की कोण कोणाला नेतंय ते समजेना.

आणि मग बुर्गलच्या घराकडून माझे बिअरवाले आले. ओट्यावरचे, सगळेच्या सगळे. माळ्यावरून तिच्या फुलांच्या पेट्या उतरवून खांद्यावर घेऊन येत होते. मी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले.

"काय बघतेस?" त्यांच्यातला सुतार ग्रेगोर म्हणाला. "जड आहे ही. बाजूला हो."

मी बाजूला झाले. त्या दिवसापासून त्याला पेला भरून बिअर देते.

खालच्या झोपडीशी पोहोचेपर्यंत दुपार झाली. बुर्गल शेवटचा चढ मिंकाची शेपटी धरून चढली. मग आम्ही देवदाराच्या फांद्या तोडल्या आणि पेट्या उघडल्या. इतक्या वर्षांची फुलं! काहींचा रंग उडालेला, काही उंदरांनी कुरतडलेली, यंदाची तेवढी लालभडक. कुठल्या वर्षीची कुठली ते बुर्गलला तोंडपाठ. "ही विजेच्या वर्षीची. ही त्या म्हाताऱ्याच्या वर्षीची, ती ब्रुनीला बांधा, छान झालीत." पाद्रीसुद्धा तोंडात सुतळी धरून गाठी मारत होता. मिंका आपलं डोकं पुढे करून उभी राहिली.

"तुला नाही," बुर्गल तिला म्हणाली. "तू मिरवलीस एकदा. जा, मागे हो."

घंटांतलं गवत काढलं आणि आम्ही निघालो. बुर्गल सगळ्यांच्या पुढे. मी तिच्या दोन पावलं मागे, पडली तर धरायला. पण पडायचं नाव नाही. आपण नेहमी रस्त्याकडेला उभं राहून ऐकतो ना, तेव्हा घंटा जवळ येतात आणि निघून जातात. आतून चालताना त्या जात नाहीत. मला स्वतःचा श्वास ऐकू येईना.

गावातली पहिली घरं लागली. बुर्गलने पाठ ताठ केली, डोईचा रुमाल सारखा केला, आणि आम्ही मोठ्या रस्त्याला वळलो.

रस्ता रिकामा होता. एका खिडकीत डोकं नाही, एका ओट्यावर माणूस नाही. चौकात एक कुत्रं झोपलं होतं, तेही आम्हाला बघून उठून गेलं. बुर्गलची पावलं मंदावली. मग ती थांबलीच. तिच्यामागे ब्रुनी थांबली, ब्रुनीमागे सगळ्या, आणि घंटा एकेक करून गप्प झाल्या.

"आफ्रा," ती समोरच बघत मला म्हणाली. आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "कोणीच नाही आलं गं बघायला?"

मी तिचा दंड धरला. मागून एगीडच ओरडला. जन्मात पहिल्यांदा माझा भाऊ योग्य वेळी योग्य ते बोलला असेल.

"येणार कोण? सगळे इथेच आहेत!"

तेव्हा बुर्गल वळली. इतकी वर्षं ती पुढे चालत आली. पुढे चालणाऱ्याला मागचं काय दिसणार? झोपडीपासून इथपर्यंत एकेक जण मागून येऊन मिळत गेला होता; रस्ता वळणापर्यंत भरला होता, आणि वळणापलीकडून अजून लोक येतच होते. बेकरीवाला, शेणाने माखलेली लाल जाकिटं, पाद्री, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, ग्रेगोर आणि त्याची सगळी टोळी, दाव्याला लोंबकळणाऱ्या फ्राउ हार्म्सेन, आणि टोपी हातात घेतलेला फाल्सबाखचा रोमेडसुद्धा. घरी एकही माणूस राहिला नव्हता.

ती रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू? रोमेडची तर मिशी ओली झाली.

मग बुर्गलने बाहीने नाक पुसलं आणि काठी उगारली.

"मग उभे काय राहिलात मेल्यांनो? वाजवा की!"